मिनिटाला एक लुकलुक

आमच्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, चार घरांचे चार वीजमीटर एका लाकडी फळीवर बसवलेले आहेत. प्रत्येकावर एक बारीक लाल दिवा. घरात जशी वीज वापरली जाईल तसा तो लुकलुकतो. बारा वर्षं मी त्या फळीखालून भाजीच्या पिशव्या घेऊन वर चढले, पण तो दिवा काहीतरी मोजतो आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आई गेल्यानंतर अण्णा आमच्याकडे राहायला आले. तिसऱ्या की चौथ्या रात्री जेवणं आटोपल्यावर पाहते तर ते त्या फळीसमोर उभे, मनगटावरचं घड्याळ चष्म्याजवळ धरलेलं, ओठ हलताहेत.

"अण्णा, काय मोजताय?"

"आधी घरातलं सगळं बंद कर. फ्रिज, पंखे, ते वायफाय, सगळं. तुझे मासे तेवढे चालू ठेव."

मी तसं केलं. अंधारात दोघं जिन्यात उभे राहिलो. दिवा लुकलुकला. अण्णांनी श्वास रोखल्यासारखं केलं. पुन्हा लुकलुकला.

"पंधरा सेकंद," ते म्हणाले.

मग त्यांनी मला मीटरवरची बारीक अक्षरं दाखवली. आमचा मीटर ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. म्हणजे दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं. येतील ते वॅट. (प्रत्येक मीटरवरचा आकडा वेगळा असू शकतो, आपल्या मीटरवर काय छापलंय ते आधी बघावं.) पंधराने भागलं की पंचाहत्तर.

"पंचाहत्तर वॅट. रात्रंदिवस, बारा महिने. तुझे दिवे आत्ता बंद आहेत, हीटर अजून लावलेला नाही, तरी पंचाहत्तर." जिन्यातून घरात येताना त्यांनी तोंडी हिशोब केला. एक वॅट वर्षभर अखंड चालला की पावणेनऊ युनिटं होतात. पंचाहत्तर वॅटची साडेसहाशेच्या वर. त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेतला एखादा आकडा वाचावा तसे ते म्हणाले होते. पण मला रात्री झोप लागली नाही.

माझे मासे हा माझा छंद आहे असं लोक म्हणतात. छंद हा शब्द मला पुरत नाही. हॉलमधली चार फुटी टाकी, अडीचशे लिटरची, तिच्यात डिस्कस होते. आणखी दोन फुटी दोन टाक्या आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्याजवळ एक लहान. डिस्कस आणले तेव्हा जुन्या रुपयाच्या नाण्याएवढे होते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा, ताटलीसारखा गोल आणि चपटा, हळू पोहणारा. दोन वर्षांनी त्यांतल्या एका जोडीने पिल्लं घातली आणि मी जे पाहिलं त्याने माझं मन त्या टाकीत कायमचं अडकलं. डिस्कसची पिल्लं पोहायला लागली की आईबापांच्या अंगाला चिकटतात आणि त्यांच्या कातडीवर पाझरणारा चिकट स्राव खाऊन वाढतात. एक जण दमला की अंगाला झटका देतो, पिल्लं सुटतात आणि दुसऱ्याच्या अंगावर जातात. मासा लेकरांना अंगावर पाजतो! मी शाळेतून आलेल्या मुलाला दार उघडायलाही विसरले होते त्या दिवशी.

त्या माशांना पाणी लागतं २८ ते ३० अंशांचं. आणि आम्ही राहतो नाशकात.

नाशिकची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी काय सांगते ते कळेल. दर हिवाळ्यात निफाडचा पारा किती उतरला याची बातमी येते, द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि आमच्या उत्तरेकडच्या हॉलमध्ये पाणी तसंच ठेवलं तर ते एकोणीस-वीस अंशांवर येऊन थांबतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझा ३०० वॅटचा हीटर दिवसातून निम्मा वेळ तरी पेटलेला असायचा. डिसेंबरात त्याची एकट्याची शंभरावर युनिटं व्हायची. आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्याने चढतात: पहिली १०० युनिटं स्वस्त, ३०० पर्यंत एक दर, त्यापुढे आणखी वरचा. घरात जे शेवटी जोडलं जातं ते सगळ्यात महाग पडतं. आमच्या घरात शेवटी जोडलेली गोष्ट हीटर होती. वर स्थिर आकार, वहन आकार आणि या सगळ्यावर वीज शुल्क. "अहो, या महिन्यात जरा जास्त आलंय," एवढंच मी नवऱ्याला सांगत असे आणि माझ्या शिकवण्यांच्या पैशातून भरत असे. पैशाचं मला तितकं वाटत नव्हतं. अण्णांनी कोळशाचा विषय काढेपर्यंत.

माझं लहानपण एकलहऱ्याला गेलं. नाशिकरोडच्या पुढे, गोदावरीच्या काठी औष्णिक वीज केंद्र आहे. आम्ही कॉलनीतली मुलं त्याला नुसतं 'थर्मल' म्हणायचो. अण्णा बॉयलरच्या बाजूला होते. लागले ते वीज मंडळात. २००५ साली मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि ते महानिर्मितीतून निवृत्त झाले. रात्रपाळीहून आले की आंघोळ होईपर्यंत आम्हाला जवळ येऊ देत नसत. तिथे कोळसा आधी पिठासारखा दळतात, मग गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकतात. कोळशाने भरलेल्या वाघिणींची रांग आली की आम्ही मुलं डबे मोजायचो. त्या डब्यांचा आणि आमच्या घरातल्या दिव्याचा संबंध आहे हे आम्हाला पाठ होतं, पण पाठ असणं आणि कळणं वेगळं.

डिसेंबर लागला, मी हीटर लावला, आणि एका संध्याकाळी अण्णा टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले. डिस्कस त्यांनाही आवडायचे. बराच वेळ ते हीटरच्या लाल बारक्या दिव्याकडे पाहत होते.

"एक युनिट म्हणजे सात-आठशे ग्रॅम कोळसा," ते म्हणाले. "तेवढा जाळायचा. त्या उष्णतेतली शंभरातली तेहतीस-पस्तीसच वीज होते. बाकीची कूलिंग टॉवरमधून आणि चिमणीतून वर जाते. तो एवढा मोठा पांढरा ढग तू लहानपणी बघत बसायचीस ना, ती सगळी हातची गेलेली ऊब. मग ती उरलेली वीज तारांतून इथवर आणायची. वाटेत थोडी सांडते. आणि इथे आणून काय करायचं, तर परत पाणी कोमट."

मला तो ढग आठवला. खिडकीतून दिसायचा. हिवाळ्यात जास्त दाट.

त्यांच्या बोलण्याला एक पुस्ती मी जोडायला हवी: आपल्या घरात येणारी वीज सगळी एकलहऱ्याची नसते, सगळी कोळशाचीही नसते. कोयनेचं पाणी असतं त्यात, सौर असते, पवनचक्क्या असतात. तारेत शिरल्यावर कुठली कुठली ते सांगता येत नाही. पण महाराष्ट्रातली बरीच वीज अजूनही कोळशावर होते. आणि उष्णतेपासून वीज करून विजेपासून परत उष्णता करायची, हा जो उलटा प्रवास अण्णांनी सांगितला, तो मला दिव्यापेक्षा, पंख्यापेक्षा, मोटरपेक्षा जास्त बोचला. पंख्याचं काम विजेशिवाय होत नाही. पाणी कोमट ठेवायला वीजच हवी असं नाही. डिसेंबरातल्या माझ्या शंभर युनिटांचा कोळसा पंचाहत्तर किलो होतो. मी हीटरच्या त्या नळीकडे पाहिलं आणि तिच्या शेजारी दीड पोतं कोळसा ठेवलेला मला दिसू लागला.

इथून पुढे मी जे पहिलं केलं ते चुकलं. ते लिहायला अजूनही जड जातं, पण ते टाळून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

वीज वाचवायची म्हणून मी चार फुटीच्या फिल्टरला टायमर लावला. कॅनिस्टर फिल्टर होता, ३५ वॅटचा, टाकीखालच्या कपाटात बसणारा बंद डबा. रात्री अकराला बंद, सकाळी सहाला चालू. मासे रात्री झोपलेले असतात, दिवे बंद असतात, पाणी स्वच्छ दिसतं. सात तासांनी काय बिघडणार? पाचव्या सकाळी टाकीवर एक आंबूस वास होता. सहा डिस्कसपैकी दोन पृष्ठभागाशी तिरपे तरंगत होते आणि तोंडाने हवा घेत होते. मी निम्मं पाणी बदललं, हवेच्या दोन मोटरी लावल्या, गुडघ्यावर बसून राहिले. दुपारी मादी गेली. ज्या मादीने पिल्लं वाढवली होती ती.

काय झालं ते मला नंतर नीट समजलं, आणि ज्यांच्या घरी मासे आहेत त्या प्रत्येकाला ते मी समजावून सांगते. फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे. माशांच्या शरीरातून अमोनिया सुटतो, तो त्यांच्यासाठीच विष असतो. फिल्टरमधल्या स्पंजवर आणि खड्यांवर सूक्ष्म जिवाणू वस्ती करतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. काही त्याचं पुढे नायट्रेट करतात, जे बरंचसं निरुपद्रवी असतं. या जिवाणूंना सतत प्राणवायू हवा. बंद डब्यातलं पाणी थांबलं की आतला प्राणवायू थोड्या तासांत संपतो, जिवाणू गुदमरतात, अडकलेला गाळ कुजू लागतो, आणि सकाळी मोटर सुरू झाली की ते सगळं थेट टाकीत येतं. त्यात रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू घेतात. आणि कोमट पाण्यात मुळातच तो कमी मावतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मी रोज रात्री सात तास त्यांचा श्वास बंद करत होते, पैसे वाचवायला.

अण्णांनी मला दोष दिला नाही. संध्याकाळी बाहेर झोपाळ्यावर बसलो होतो तेव्हा म्हणाले, "आमच्याकडे दोन शब्द होते. बेस लोड आणि पीक लोड. दोनशे दहा मेगावॅटचा संच रात्री बंद, सकाळी चालू असा चालवत नाहीत. गार झालेला बॉयलर परत वर आणायला किती तास जातात. तो आपला संथ चालू ठेवायचा. कमी-जास्त करायचं ते दुसरीकडे. तुझा फिल्टर बेस लोड आहे गं. त्याचा आकडा लहान कर, पण त्याला बंद करू नकोस."

त्या एका वाक्यावर मी सगळं पुन्हा मांडलं.

सगळ्यात आधी झाकण. वर्षानुवर्षं माझी टाकी उघडी होती. पाण्याचा वरचा काठ चमकताना दिसावा म्हणून. त्यामुळे हिवाळ्यात रोज अडीच-तीन लिटर पाणी वर घालावं लागायचं, ते मी सवयीने घालायचे. पाण्याची वाफ होताना ते भरपूर उष्णता घेऊन जातं: एक लिटरमागे पाऊण युनिटाच्या जरा आत. म्हणजे तीन लिटर उडाले की दोन युनिटं उडाली. हीटरची निम्म्याहून जास्त मेहनत हवेत जात होती, आणि मी रोज तांब्याने त्या नुकसानाची भरपाई करत होते. काचवाल्याकडून पाच मिलिमीटरची काच कापून आणली, दोन तुकड्यांत, मागे हवेला चार बोटं जागा सोडून. काच स्वस्त पडली. मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना एक इंच जाडीचं थर्माकोल लावलं. टाकीखाली आपण थर्माकोल घालतोच, मग तीन बाजूंना का घालत नाही, याचं उत्तर मला स्वतःला देता आलं नाही. आणि रात्री दर्शनी काचेवर आईने शिवलेली गोधडी. तिच्या जुन्या लुगड्यांची आहे. ती टाकीवर टाकताना मी पहिल्यांदा थोडी घुटमळले. अण्णांनीच दुसरं टोक धरलं.

पंधरा दिवसांत हीटरचा वापर जवळजवळ निम्मा झाला.

याच गोष्टीची दुसरी बाजू मे महिन्यात कळली. नाशिक थंडीसाठी प्रसिद्ध असलं तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि टाकीतलं पाणी बत्तिसाच्या वर जातं. गारवा करणारी यंत्रं बाजारात मिळतात, ती दीड-दोनशे वॅट तर सहज खातात. आम्ही झाकण काढलं आणि संगणकातला जुना छोटा पंखा, दोन-तीन वॅटचा, पाण्यावरून तिरपा वाहील असा लावला. दोन-तीन अंश खाली. माठातलं पाणी गार का होतं ते आपल्याला आजीपासून माहीत असतं. टाकी हा काचेचा माठ आहे हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. आता आमच्याकडे काचेच्या झाकणाचंही एक वेळापत्रक आहे. दिवाळीनंतर चढतं, होळीला उतरतं.

दिव्यांचं सोपं होतं. दोन ट्यूबलाइट, जुन्या तांब्याच्या चोकच्या, दोन्ही मिळून नव्वद वॅट, रोज दहा तास. पाहुणे आले की बारा. त्यांच्या जागी १८ वॅटची एलईडी पट्टी आली आणि टायमर आला. टायमर दिव्याला लावायचा असतो, फिल्टरला नव्हे. दिवसाला सात तास. वनस्पतींना तेवढे पुरतात. उलट, ज्या हिरव्या शेवाळाला मी दर रविवारी काचेवरून खरवडत होते ते दोन महिन्यांत मावळलं, कारण ते जादा उजेडावरच जगत होतं. माझा रविवारचा एक तास वाचला. हा एक बदल असा आहे की ज्यात कोणाचंच काही गेलं नाही, आणि कुणी मला विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी हाच सांगते.

पण हीटर उरलाच होता. निम्मा का होईना. आणि जसजशी मी बाकीची कामं उरकत गेले तसतसं एक दिसू लागलं, जे मला बघायचं नव्हतं. वीज माझ्या माशांसाठी जळत नव्हती. नाशिक आणि अ‍ॅमेझॉन यांच्यातलं दहा अंशांचं अंतर भरून काढायला जळत होती. ते अंतर मी निवडलं होतं. माशांनी नाही.

लग्न होऊन नवीनच आले होते तेव्हाची, २००६-०७ ची गोष्ट आठवली. भारनियमनाचे दिवस. रोज ठरलेल्या वेळी वीज जायची. घरात सासूबाईंनी ठेवलेली एक दोन फुटी टाकी होती, त्यात गुरामी आणि काही गप्पी. हीटर नव्हता, फिल्टरही नावालाच. वीज गेली की सासूबाई दर अर्ध्या तासाने उठायच्या, तांब्या भरून पाणी काढायच्या आणि वीतभर उंचीवरून धार सोडायच्या. बुडबुडे उठायचे. "त्यांना पण जीव आहे," म्हणायच्या आणि परत तांदूळ निवडायला बसायच्या. गप्पी चिवट, म्हणून तर आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खायला ते डबक्यांत सोडतात. गुरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक घडीघडीचा अवयव असतो, त्याने तो वरची हवा थेट घेतो. ते मासे त्या घराला, त्या दिवसांना जुळणारे होते. सासूबाईंनी काही वाचून ठरवलं नव्हतं. जगले ते ठेवले.

उरलेले डिस्कस मी डोंबिवलीच्या मावसभावाकडे दिले. हे एका ओळीत लिहिलं, ठरवायला सहा महिने लागले. त्याच्याकडे आधीपासून डिस्कस आहेत, हात चांगला आहे, आणि जानेवारीतसुद्धा त्याच्या घरातलं पाणी चोवीस-पंचविसाखाली उतरत नाही. इथली वीज तिकडे गेली, वाचली कुठे, असं अण्णांनी विचारलंच. हिशोब केला. नऊ-दहा अंश चढवणं आणि चार अंश चढवणं यांत निम्म्याहून जास्त फरक आहे, आणि त्याची टाकी आधीच पेटत होती. तिच्यात आणखी मासे आले म्हणून हीटर जास्त चालत नाही. आदल्या दिवशी त्यांना खायला घातलं नाही, म्हणजे पिशवीत पाणी घाण होत नाही. प्रत्येकाला वेगळी पिशवी, वर प्राणवायू भरलेला, थर्माकोलचा खोका. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून कल्याण. इगतपुरीच्या पुढे घाट उतरताना खोका मी मांडीवर घेतला होता. बोगद्यात डबा अंधारला की मी झाकणावर हात ठेवायचे.

परत आल्यावर आठवडाभर हॉलमध्ये मी दिवा लावला नाही.

आता त्या टाकीत आपल्याकडचे मासे आहेत. झेब्रा डॅनिओ, जो मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वाढवला जातो. रोझी बार्ब, जे विणीच्या दिवसांत असे लाल होतात की डिस्कस बघायला येणारी माणसं थांबून विचारतात हे कोणते. दोन्ही वाढवणाऱ्यांकडून विकत घेतलेले, नदीतून उचललेले नाहीत. हिवाळ्यात पाणी एकोणिसावर येतं आणि ते जेवण कमी करतात, जरा संथ होतात, मग फेब्रुवारी संपता संपता पाणी तापू लागलं की एकमेकांच्या मागे धावायला लागतात. दहा वर्षं माझ्या टाकीत ऋतू नव्हता. बारा महिने एकोणतीस अंश. आता टाकीलाही थंडी कळते, वैशाख कळतो. हे मला अपेक्षित नव्हतं. वीज वाचवायला गेले आणि हे हाती लागलं.

वनस्पती मात्र दाट लावल्या. तळाला मातीचा थर, वर बारीक खडी. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी मांडलेली ही पद्धत, ज्यात पाणी सांभाळण्याचं पुष्कळसं काम वनस्पतीच करतात. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, जावा फर्न, आणि क्रिप्टोकोरीन, ज्याच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांत आपणहून वाढतात. मागच्या कोपऱ्यात मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडली आहेत, ती नायट्रेट शोषून घेतात. मासे कमी ठेवले. पूर्वी जागा दिसली की मासा आणायचे. गर्दी कमी झाली, वनस्पती वाढल्या, पाणी गार झालं आणि त्यात प्राणवायू जास्त मावू लागला, तेव्हा कुठे फिल्टर लहान करता आला. कॅनिस्टरच्या जागी १० वॅटचं छोटं पॉवर हेड, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा पंप, त्याला वीतभर जाडीचा मोठा स्पंज. दोन फुटी टाक्यांना स्पंज फिल्टर आणि सगळ्यांना मिळून हवेची एकच मोटर, ८ वॅटची. कट्ट्याजवळची टाकी रिकामी करून टाकली, तिच्यात मुलगा आता कोथिंबीर लावतो. बदल एका दिवसात केला नाही. जुना आणि नवा स्पंज दीड महिना शेजारी शेजारी चालवले, म्हणजे जिवाणू एकातून दुसऱ्यात वस्तीला जातात. हा दीड महिना वीज थोडी जास्तच लागली. त्या मादीनंतर मला घाई करायची नव्हती.

घरातल्या इतर गोष्टीही याच ओघात सुधारल्या. तीन जुने पंचाहत्तर वॅटचे पंखे गेले, कमी वीज खाणाऱ्या मोटरीचे, तीस वॅटचे बीएलडीसी आले. गिझर नळ सुरू असताना बंद करायची सवय लागली. त्याने बिलावर माशांइतकाच फरक पडला असेल. पण त्याबद्दल लिहावं असं काही मला वाटलं नाही.

पूर्वी टाक्यांना वर्षाला चौदाशेच्या आसपास युनिटं लागायची. फिल्टर, दिवे, हीटर सगळं धरून. आता दोनशेच्या थोडी वर. अण्णा वाचलेल्या युनिटांचा आकडा लगेच कोळशात करतात: साधारण नऊशे किलो. एका वाघिणीत साठ टन मावतो, त्यातला चिमूटभर, असंही तेच म्हणतात, आणि तरी वहीत लिहून ठेवतात. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या तिरप्या अक्षरात महिनावार नोंदी आहेत. बंद केलेल्या यंत्रांच्या नव्हे, चालू असलेल्यांच्या: पॉवर हेड १०, हवा ८. त्याखाली दोन रेघा आणि 'बेस'.

काल रात्री साडेदहाला त्यांनी मला हाक मारली. वीसेक दिवसांपासून त्यांना खोकला आहे, जिन्यात गार वारा येतो, मी नको म्हणत होते. ऐकलं नाही. कानटोपी घालून, शाल गुंडाळून ते फळीसमोर उभे राहिले. मी फ्रिज बंद केला, वायफाय बंद केलं, टाकीवर गोधडी नीट ओढली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शेजारच्या मीटरचे दिवे भराभर लुकलुकत होते. आमचा एकदा लुकलुकला, आणि अण्णांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

वीस. तीस. खाली कोणीतरी स्कूटर स्टँडवर लावली. पंचेचाळीस. अण्णांना खोकला आला, तो त्यांनी शालीत दाबला आणि डोळे मीटरवरून हलवले नाहीत. पंचावन्न.

"अजून नाही," ते हळूच म्हणाले. "अजून नाही."